मूल येईना, म्हणून शाळा मुलाकडे गेली
(अनुताई वाघ यांची शिक्षणदृष्टी)

मुले शाळेत का येत नाहीत, असे विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते : आईबापांना शिक्षणाची किंमत कळत नाही. हे उत्तर सोयीचे आहे. कारण ते दिले की शिक्षकाला वा संस्थेला आणखी काही करावे लागत नाही. महाराष्ट्रातील एका प्राथमिक शिक्षिकेने मात्र ते मानले नाही. मुलाच्या घरी जाऊन तिने पाहिले आणि जे दिसले त्याप्रमाणे शाळेचीच घडी बदलली. ती शिक्षिका म्हणजे अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. वयाच्या तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य घराच्या एका कोपऱ्यात संपत असे. अनुताईंनी पुस्तक हाती घेतले. त्यांनी व्हर्नाक्युलर फायनल व पुढे प्राथमिक शिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण केली आणि प्रथम नाशिक जिल्ह्यात व नंतर पुण्यात अध्यापन केले. स्वतः शिकण्याचेही त्यांनी कधी थांबविले नाही. पन्नाशी ओलांडल्यावर, १९६१ साली, त्या बी. ए. झाल्या.

१९४५ साली त्या ताराबाई मोडक यांच्याबरोबर डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे गेल्या. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाचे काम केले होते आणि आता त्यांना ते खेड्यात न्यावयाचे होते. बोर्डीला बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतील मुले तेथे येईनात. तेव्हा शिक्षिकाच साहित्य घेऊन वस्तीत जाऊ लागल्या व घराच्या अंगणात मुलांना जमवू लागल्या. 'अंगणवाडी' ती हीच. भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले.

पुढे १९५७ च्या सुमारास हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. आसपास वारली आदिवासींचे पाडे होते. जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध ह्याच भागातील वारल्यांनी १९४५ साली मोठा लढा दिला होता. अशा घरांत लहान मूलही कामाचे असते. मुलगा गुरे राखतो. मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर सांभाळते. त्यांना शाळेची घंटा ऐकू येत नव्हती असे नाही. पण गुरे आणि भावंड टाकून ती येणार कशी?

ह्या प्रश्नातूनच कोसबाडची पद्धत घडली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी 'कुरणशाळा' निघाली. शिक्षक कुरणात जाऊन शिकवू लागले. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही एकाच ठिकाणी आणली गेली. तिला 'विकासवाडी' म्हणत. ताईने तान्ह्या भावाला पाळणाघरात ठेवावे, मधल्याला बालवाडीत बसवावे आणि स्वतः वर्गात जावे. गैरहजेरीबद्दल शिक्षा करण्याऐवजी गैरहजेरीचे कारणच दूर केले गेले.

शिकविण्यातही हीच दृष्टी होती. माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्यात कोठून आणणार? म्हणून खडे, बिया, पाने, शिंपले हीच साधने झाली. खडे मोजता मोजता अंक आले आणि पाने ताडून पाहता पाहता आकार व रंग कळले. अक्षरांच्या आधी स्वच्छता, गाणे, गोष्ट व खेळ यांना स्थान मिळाले. मूल जे घेऊन येते तेथूनच धड्याचा आरंभ करावयाचा, अशी ही रीत होती.

कोसबाडने दारिद्र्य संपविले असे म्हणता येणार नाही. एका शाळेच्या हातून ते होणारही नाही. परंतु गरिबाचे मूल शिकत नाही हे म्हणणे किती अपुरे आहे, हे तेथे दिसून आले. ताराबाई १९७३ साली निवर्तल्या; त्यानंतरही अनुताईंनी हे काम चालू ठेवले. १९८५ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

पालक बंधुभगिनींनो, कडेवर भावंड घेतलेली ती मुलगी केवळ डहाणूच्या पाड्यावरच होती काय? घरी पाहुणे आले, आई आजारी पडली, धाकटे रडू लागले, की कोणाची शाळा बुडते हे आपण आपल्या मनाशी तपासून पाहावे. आणि शाळा चालविणाऱ्यांनी तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करण्यापूर्वी एकदा तिच्या दारापर्यंत जावे. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या बाकावरची एखादी जागा बरेच दिवस रिकामी असेल तर तुम्हीही चौकशी करा. अनुताईंच्या कार्याचा आरंभ अशाच चौकशीतून झाला होता.