औषधसंशोधन, ज्ञानविनिमय आणि गणनविद्या



शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी औषधसंशोधनाचा विषय घेतला, तो बोरगावपासून फार दूरचा आहे असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. परंतु या इतिहासातील एक निर्णायक लढा हळदीवरून झाला, त्यातील काही महत्त्वाची पावले पुण्या-पिंपरीत पडली आणि एक अपुरे राहिलेले काम आपल्याच सातपुड्यात वाट पाहत आहे. नवे औषध एकट्या बुद्धिमंताच्या हातून क्वचितच घडते. अनेकांनी एकमेकांस दिलेल्या ज्ञानातून ते आकारास येते. संगणकाच्या आगमनाने हे सत्य अधिकच ठळक झाले, हे मला आज सांगावयाचे आहे.

आरंभ पेनिसिलिनपासून करू. ऑक्सफर्ड येथे फ्लोरी आणि चेन यांच्या पथकाने हे द्रव्य औषधरूपास आणले, परंतु त्यावर पेटंट घेतले नाही. पुढे मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाच्या पद्धतींवर मात्र अमेरिकेत पेटंटे घेतली गेली. स्वतंत्र भारताला हे औषध हवे होते आणि ते करण्याची विद्याही हवी होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने 1954 साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि 1955 साली तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. परक्यांकडून घेतलेल्या विद्येला लवकरच येथे नवे अंकुर फुटले. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून बुरशीनाशक ‘हमायसिन’ शोधून काढले आणि त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात ‘पिंपरी’ कायमचे कोरले गेले.

त्या काळची शोधपद्धती कष्टाची होती. मातीचे नमुने गोळा करावयाचे, त्यांतील सूक्ष्मजीव वेगळे काढून वाढवावयाचे आणि त्यांच्या स्रावाने रोगजंतू मरतात की नाही हे एकेक करून पाहावयाचे. गणनविद्येने या शोधाला दिशा दिली. रोगजंतूच्या एखाद्या प्रथिनात औषधाचा रेणू कुलपात किल्ली बसावी तसा बसतो. कुलपाचा आकार ज्ञात असेल, तर असंख्य किल्ल्यांपैकी कोणत्या लावून पाहाव्यात हे संगणक आधी सांगू शकतो. अंतिम कसोटी प्रयोगशाळेत आणि रुग्णाजवळच लागते. तथापि वाट बरीच आखूड होते.

परंतु कुलपाचा आकार संगणकास सांगावयाचा कोणी? 1971 साली प्रथिनांच्या रचनांचा एक सार्वजनिक संग्रह अमेरिकेत सुरू झाला, तेव्हा त्यात अवघ्या 7 रचना होत्या. देशोदेशींचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षांच्या श्रमाचे फळ त्यात ठेवीत गेले. दुसऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून नियम शोधण्याचे असेच काम पुणे विद्यापीठात झाले. डॉ. अशोक कोळस्कर आणि प्रसाद तोंगावकर यांनी 1990 साली एक पद्धत प्रसिद्ध केली. प्रथिनाचा कोणता भाग शरीराची प्रतिकारशक्ती ओळखेल याचे अनुमान तिने सुमारे 75 टक्के अचूकतेने करता येई. लसीच्या शोधात अशा अनुमानाचे मोल मोठे असते. इतरांच्या प्रयोगांवर उभी राहिलेली ही पद्धत जगभरच्या संशोधकांनी वापरली. घेतलेले ऋण असे फेडले गेले.

जेथे देवाणघेवाण नाकारली गेली, तेथे स्वावलंबनाचा मार्ग धरावा लागला. प्रगत महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिल्यावर 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि 1991 साली तिने ‘परम 8000’ हा महासंगणक सिद्ध केला. या कार्याचे धुरीण डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. पुढे याच संस्थेने जैवमाहितीशास्त्रासाठी स्वतंत्र संगणनसुविधा उभारली.

आता हळदीचे प्रकरण. मार्च 1995 मध्ये जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत पेटंट दिले गेले. आपल्या घराघरांत जे आजी-आईला ठाऊक होते, ते तेथे नवा शोध ठरले! वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक तेव्हा गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर होते. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतील 32 संदर्भ सादर झाले आणि 1997 साली ते पेटंट रद्द ठरले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोट्यवधींची प्रथा पुराव्यास पुरली नसती. लिहिलेला शब्द कामी आला.

या अनुभवातून 2001 साली पारंपरिक ज्ञानाच्या संगणकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतील योगांचे वर्गीकरण करून त्यांचा आशय इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत उपलब्ध केला गेला. पेटंट तपासणाऱ्या परदेशी कार्यालयांना तो करार करूनच पाहू देण्यात आला. ज्ञान वाटणे निराळे आणि ते बेवारस टाकणे निराळे, हा विवेक त्यामागे होता.

वाटण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग क्षयरोगाबाबत झाला. हा रोग मुख्यतः गरिबांचा. त्यामुळे मोठ्या कंपन्यांना त्यात नफा दिसत नव्हता. 1960च्या दशकातील रिफॅम्पिसिननंतर खऱ्या अर्थाने नव्या तऱ्हेचे क्षयौषध मान्य होण्यास 2012 साल उजाडावे लागले. 1998 साली क्षयजंतूचा संपूर्ण जनुकालेख प्रसिद्ध झाला होता. त्यात सुमारे 4,000 जनुके आढळली. 2008 साली डॉ. समीर ब्रह्मचारी यांच्या नेतृत्वाखाली याच परिषदेने खुल्या औषधसंशोधनाची योजना आरंभिली. 2010 साली शेकडो विद्यार्थ्यांनी ती जनुके वाटून घेऊन प्रत्येकीच्या कार्याविषयी उपलब्ध माहिती संकलित केली. या योजनेतून बाजारात नवे औषध आले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. माहिती जुळविण्यास अनेक हात मिळतात. परंतु प्राण्यांवरील आणि माणसांवरील चाचण्यांना वर्षे आणि मोठा पैसा लागतो, आणि तो भार केवळ उत्साहाने पेलता येत नाही. तरीही महाविद्यालयीन मुलांनी संशोधनाच्या पंगतीत बसावे, ही प्रथा त्या योजनेने पाडली.

दरम्यान 7 रचनांच्या त्या संग्रहाचे भाग्य पाहा. पन्नास वर्षांत तो दीड लाखांच्या पुढे गेला आणि त्यावर शिकलेल्या संगणकप्रणालीने प्रथिनांच्या आकारांचे अनुमान करून दाखविले. त्याबद्दल डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना 2024 सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. त्या प्रणालीची बुद्धी कितीही थोर असो, तिचे अन्न असंख्य अनामिक संशोधकांनी वाढले होते.

आता आपल्या सातपुड्याकडे वळू. 2023 साली पांढुर्णा जिल्हा वेगळा होईपर्यंत आपण ज्या छिंदवाडा जिल्ह्यात होतो, त्यातील पाताळकोटच्या दरीत भारिया समाजाचे भुमका वनस्पतींनी उपचार करीत आले आहेत. त्यांची विद्या मुखोद्गत आहे. हळदीला ग्रंथांचा आधार मिळाला. या मुळ्या-पाल्यांना कोणाचा मिळणार? ज्ञात्याच्या निधनाबरोबर ती विद्या लोपेल, अथवा कोणी ती परस्पर उचलून नेईल, असे दुहेरी भय आहे. 2002 सालच्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवण्याची सोय केली आहे, आणि तिचा पुरस्कार डॉ. माधव गाडगीळ यांनी आग्रहाने केला.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या शिवारातील वनस्पती, त्यांची स्थानिक नावे आणि जाणत्यांनी सांगितलेले उपयोग त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावानिशी त्या नोंदवहीत उतरले पाहिजेत. कोणते सर्वांस सांगावयाचे आणि कोणते राखावयाचे, हे सांगणाऱ्याने ठरवावे. उद्याच्या गणनयंत्रांना जे पुरवावयाचे, ते आधी कोणीतरी ऐकून, पारखून, प्रामाणिकपणे लिहून ठेवावे लागते. आणि ते काम शाळेतील मुलामुलींच्या आवाक्यातले आहे.