शांताबाई आमदार झाल्या तेव्हा

आमदार म्हटलं की आमच्या आजीला एकच नाव आठवायचं: शांताबाई दाणी. मतं मागायला येऊन गेलेले पुढारी तिने पुष्कळ पाहिले होते, पण ‘आमच्या आमदार’ हे शब्द तिने दुसऱ्या कुणासाठी वापरलेले मला आठवत नाहीत.

शांताबाई नाशिकच्या खडकाळीतल्या. घर महाराचं, गरिबीचं. पोरीने शिकावं हा आईचा हट्ट. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्या शाळकरी वयाच्या होत्या. पुढे बाबासाहेबांच्या चळवळीत आणि दादासाहेब गायकवाडांच्या बरोबरीने त्यांनी सगळं आयुष्य घातलं. लग्न केलं नाही.

आजीची त्यांच्याशी गाठ पडली ती भूमिहीनांच्या लढ्यात. आजी आणि तिच्या जावा लोकांच्या वावरात निंदणी-खुरपणी करायच्या. गावाला गायरान होतं, पडीकही होतं. आमच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, रिपब्लिकन पक्षाचा देशभर सत्याग्रह सुरू झाला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतनाचा कायदा पाळा, धान्य नीट वाटा, संसदेत बाबासाहेबांचं चित्र लावा, अशा मागण्या होत्या. बायका तान्ही पोरं काखेला मारून तुरुंगात गेल्या. आजीही गेली, माझ्या काकाला घेऊन.

“तो अंगावर पीत व्हता, त्याला कुणापाशी ठिवू?” ती सांगायची. “पोलीस म्हनला, मावशी, घरी जा. म्या म्हनलं, घर हाय, पर जिमीन कुठंय?”

ते पोलिसाशी बोलणं सांगताना तिचा आवाज चढायचा. बाकीचा तुरुंग ती दोन वाक्यांत संपवायची.

१९६८ साली शांताबाई विधान परिषदेवर गेल्या, १९७४ पर्यंत तिथे होत्या. वरचं सभागृह, खालचं सभागृह हा फरक आजीला ठाऊक नव्हता, आणि त्याने तिचं काही अडलंही नाही. आपल्यातली एक बाई मुंबईत सरकारपुढे उभी राहून बोलते, एवढं तिला पुरे होतं. त्याच बळावर तिने माझ्या आत्याचं खुरपं काढून घेतलं आणि तिला नाशिकला शिकायला ठेवलं. शांताबाई मुलींच्या शिक्षणासाठी, वसतिगृहासाठी झटत होत्याच. मला विचाराल तर आमदारकीपेक्षा हे काम मोठं. आत्या पुढे शिक्षिका झाली. आमच्या घरात महिन्याचा पगार आणणारी पहिली तीच.

शांताबाईंनी ‘रात्रंदिन आम्हा’ हे आत्मचरित्र मागे ठेवलं, म्हणून त्यांची हकिकत उरली. त्यांच्यामागे तुरुंगात गेलेल्या हजारो बायकांपैकी बहुतेकींची कुणी लिहिली नाही. त्यातल्या ज्या अजून आहेत, त्यांनी ऐंशी ओलांडली असेल. तुमच्या घरात, शेजारात अशी कुणी असेल तर उद्यावर टाकू नका. तिच्याजवळ बसा, विचारा आणि ती सांगेल ते तिच्याच बोलीत लिहून काढा.