माळीकामातील व्यावसायिक इजा

बागा, हिरवळी, रस्त्याकडेची झाडे आणि सोसायट्यांची आवारे सांभाळणाऱ्या माळ्यांना व मजुरांना कामावर होणाऱ्या दुखापती आणि आजार.

सर्वांत घातक अपघात झाडछाटणीत घडतात : उंचावरून पडणे, फांदी अंगावर कोसळणे, ओल्या फांदीचा किंवा धातूच्या शिडीचा वीजतारेला स्पर्श होणे. यंत्रकरवतीच्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर करवत क्षणार्धात चालवणाऱ्याच्या तोंडावर उसळते. ब्रशकटरने उडालेला खडा डोळा निकामी करू शकतो. त्यापुढे साधा चष्मा पुरत नाही, धक्का सोसणारा बंद गॉगल लागतो. या यंत्रांच्या दीर्घकाळच्या कंपनांनी बोटांचा रक्तपुरवठा बिघडतो आणि ती थंडीत पांढरी पडून बधिर होतात.

मातीतून येणारे आजार मात्र नाहक दुर्लक्षित राहतात. गुलाबाच्या काट्याने झालेल्या बारीकशा जखमेतून स्पोरोथ्रिक्स बुरशी शिरते आणि हातावर लसिकावाहिनीच्या रेषेत गाठींची रांग उठते. अमेरिकेत बेंजामिन शेंक यांनी १८९८ मध्ये या रोगाची नोंद केली. इट्राकोनॅझोलने तो बरा होतो, पण उपचार काही महिने चालतात. काट्याच्या जखमेतून धनुर्वातही होऊ शकतो. शिवाय पालापाचोळ्यात घोणस, फुरसे असे विषारी साप दडलेले असू शकतात.

फवारणीतील विष त्वचेवाटेही शरीरात जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. शहरी बागेतही त्याच वर्गातली कीटकनाशके वापरली जातात. हातमोजे, गमबूट आणि मुखपट्टी पुरवणे हे कंत्राटदाराचे काम आहे, मजुराच्या पगारातून कापण्याची बाब नव्हे.