‘रोड’ म्हणजे रस्ता नव्हे

सतराव्या शतकातल्या इंग्रजी कागदपत्रांत सुरतेजवळचा ‘स्वाली रोड’ भेटतो. आपण तिथं रस्ता शोधायला लागतो! पण हा ‘रोड’ म्हणजे बंदराबाहेरची, थोडा आडोसा असलेली, जहाजं नांगरायची जागा. शब्दाचं मूळ ‘राइड’मध्ये: नांगरलेलं जहाज लाटांवर स्वार असतं.

तापीच्या मुखाशी गाळ साचलेला, मोठी जहाजं सुरतेपर्यंत जाईनात. मग ती सुवालीला, वाळूच्या दांड्याआड थांबायची. १६१२ साली थॉमस बेस्ट पोर्तुगीजांशी लढला तो याच सुवालीपाशी. त्यानंतर इंग्रजांची सुरतेत वखार झाली. आता बघा, ‘रोड’चा रस्ता केला, की हा समुद्रच इतिहासातून पुसला जातो. शब्दाचा अर्थ कोशाइतकाच वापरातही शोधावा लागतो, तो यासाठी.