मुंबईची खोली आणि आपली दिंडी

आपल्या दिंडीचा इतिहास सांगायचा तर मुंबईची चाळ सोडून चालणार नाही. १९२० नंतर सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं बीडीडी चाळी बांधल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. आपल्या गावची गिरणीतली माणसं एका खोलीत वीस-वीस राहत. एक पाळीला गेला की दुसरा त्याच जागी पडे. खुंटीला पखवाज. एकादशीला पॅसेजात भजन, दारं सगळ्यांची उघडी. दिंडीचा पहिला तंबू त्यांच्याच वर्गणीतून आला.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, पगार थांबले, बरेचजण गावी परतले. त्या आषाढीला मुंबईची वर्गणी आली नाही. आम्ही घरटी पायलीभर ज्वारी गोळा केली, पण वारी चुकू दिली नाही.

आता त्याच जागी उंच इमारती उठतायत, ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. पोरांचं भलं झालं, आम्हाला आनंदच आहे. पण दारं लागलेली असतात. मुंबईकर माउलींनो, महिन्यातून एका एकादशीला तेवढं दार उघडं ठेवा. पखवाज आम्ही घेऊन येतो.