उस्मानाबाद गर्भाशयमुख कर्करोग चाचणी

मराठवाड्यातील उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात १९९९ साली सुरू झालेली आणि २००७ अखेरपर्यंत पाठपुरावा झालेली वैद्यकीय चाचणी. गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याआधीच्या अवस्थेत किंवा अगदी सुरुवातीला हुडकून त्यावर उपचार केले, तर खेड्यापाड्यांतील स्त्रियांचे मृत्यू टळतात का आणि त्यासाठी कोणती तपासणी कामी येते, हे ठरवणे हा तिचा हेतू होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा तीत समावेश होता. बार्शी येथील नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती मिळून केली. निधी बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा होता. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे या चाचणीने दाखवून दिले. नंतरच्या जागतिक धोरणाला तिचा मोठा आधार मिळाला.

रोग

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला गावाकडे ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकून राहिला की तो होतो. हा शोध लावणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूच्या अनेक प्रकारांपैकी १६ आणि १८ हे दोन प्रकार सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये कारणीभूत असतात. बहुतेक स्त्रियांचे शरीर हा संसर्ग आपोआप परतवते. काहींच्या बाबतीत मात्र तो टिकतो, पेशींत बदल होऊ लागतात आणि त्यातून कर्करोग होण्यास सहसा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. या काळात दुखत नाही, खुपत नाही. अंगावरून लाल जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे किंवा दुर्गंधीयुक्त स्राव ही लक्षणे दिसतात तेव्हा रोग अनेकदा पुढे गेलेला असतो. हीच दहा-पंधरा वर्षांची मुदत तपासणीच्या कामी येते. इतका सावकाश वाढणारा आणि वाटेतच अडवता येणारा कर्करोग दुसरा क्वचितच असेल.

बार्शीची पूर्वतयारी

बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. १९८७ मध्ये येथे भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात, संशयित रुग्णांची माहिती घेत आणि लक्षणांबद्दल लोकांशी बोलत. या भागातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो, हे या नोंदींतून पुढे आले. नुसत्या बोलण्याने, समजावण्याने बायका आधीच्या टप्प्यावर उपचाराला येऊ लागतात, हेही कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. कोणाला कर्करोग झाला, कोण दगावले, याचा गावपातळीवरचा भरवशाचा हिशेब ठेवण्याची सवय असल्यामुळेच पुढची प्रचंड चाचणी येथे उभी राहू शकली. बार्शीचे डॉ. भगवान नेने, ल्यों येथील डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन, टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि तेथील तत्कालीन संचालक डॉ. केतायून दिनशॉ ही तिच्यामागची प्रमुख नावे होत.

रचना

जिल्ह्यातील ४९७ गावे प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दींनुसार ५२ समूहांत विभागली गेली. मग यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे निवडीत कोणाचीही इच्छा किंवा सोय येऊ न देता, हे समूह चार गटांत वाटले गेले. प्रत्येक गटाच्या वाट्याला १३ समूह आले. पहिल्या गटात एचपीव्ही तपासणी (३४,१२६ स्त्रिया), दुसऱ्यात पॅप स्मिअर म्हणजे पेशीतपासणी (३२,०५८), तिसऱ्यात व्हीआयए म्हणजे ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी (३४,०७४) आणि चौथा तुलनागट (३१,४८८). तुलनागटातील स्त्रियांना रोगाची माहिती व तपासणी कुठे होते हे सांगितले गेले. चाचणीतर्फे त्यांची तपासणी मात्र झाली नाही.

व्यक्तींऐवजी गावेच वाटण्यामागे व्यवहार होता. एकाच गल्लीतील एका घरच्या सुनेची तपासणी करायची आणि शेजारणीला नाही म्हणायचे, हे गावात चालत नाही. शिवाय चाचणीला पाहायचे होते ते एका रुग्णाला काय लाभले, एवढेच नव्हे. एखादी तपासणी पूर्ण आरोग्य केंद्राच्या हद्दीत राबवली तर तिथले मृत्यू घटतात का, हे पाहायचे होते. गर्भाशय काढलेल्या किंवा आधीच हा कर्करोग झालेल्या स्त्रिया चाचणीत घेतल्या नव्हत्या. बोलावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८० टक्के तपासणीला आल्या. दुखत नसताना, शेतातला रोज बुडवून, अवघड वाटणाऱ्या तपासणीला दहापैकी आठ जणींनी यावे, ही गोष्ट साधी नाही. घरोघर जाऊन बोलणाऱ्या स्त्री कार्यकर्त्यांचे ते यश होते.

तपासणी आणि उपचार

या चाचणीत तीनही तपासण्यांसाठी स्त्रीला पाठीवर झोपवून योनीमार्गात स्पेक्युलम हे साधन बसवावे लागे, म्हणजे गर्भाशयाचे तोंड दिसे. पुढची रीत वेगवेगळी. पॅप स्मिअरमध्ये तिथल्या पेशी खरवडून काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एचपीव्ही तपासणीत छोट्या ब्रशने नमुना घेऊन विषाणूचा डीएनए प्रयोगशाळेत शोधला जातो. व्हीआयए सर्वांत स्वस्त: पातळ ॲसेटिक ॲसिडचा, म्हणजे व्हिनेगरसारख्या द्रावणाचा, बोळा लावून साधारण मिनिटभर थांबायचे. बदललेल्या पेशींचा भाग ठळक पांढरा दिसू लागतो आणि प्रशिक्षित सिस्टर तो नुसत्या डोळ्यांनी ओळखू शकते. निकाल तिथल्या तिथे मिळतो.

नमुना दोषी आलेल्या स्त्रीची कॉल्पोस्कोप या भिंगाच्या साधनाने पुन्हा पाहणी होई आणि गरज असेल तर तुकडा तपासणीला जाई. कर्करोगापूर्वीचे बदल आढळले तर क्रायोथेरपी किंवा लीप ही छोटी प्रक्रिया केली जाई. क्रायोथेरपीत वायूने अतिथंड केलेले धातूचे टोक गर्भाशयमुखावर टेकवतात. रूढ पद्धत अशी, की तीन मिनिटे गोठवायचे, पाच मिनिटे वितळू द्यायचे आणि पुन्हा तीन मिनिटे गोठवायचे. भूल द्यावी लागत नाही, स्त्री त्याच दिवशी घरी जाते आणि गर्भाशय जागेवर राहते. लीपमध्ये विजेच्या तारेच्या वेढ्याने बदललेला भाग काढून टाकतात. ज्यांना कर्करोगच निघाला, त्यांच्यावर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार होत. तपासणी आणि उपचार हे या चाचणीत एकाच साखळीचे दुवे होते. नुसत्या तपासणीने कोणी वाचत नाही.

निष्कर्ष

तपासणीत व्हीआयए गटातील सुमारे १४ टक्के, एचपीव्ही गटातील १० टक्के आणि पॅप स्मिअर गटातील ७ टक्के स्त्रिया दोषी आल्या. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर चित्र असे होते: एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे १२७ रुग्ण आढळले, तुलनागटात ११८. वरवर पाहता फरक नाही. पण तपासणीमुळे लपलेले रोग लवकर उघड होतात, म्हणून पाहायचे ते पुढच्या टप्प्यातील रुग्ण आणि मृत्यू. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यातील रुग्ण एचपीव्ही गटात ३९ होते, तर तुलनागटात ८२. मृत्यू अनुक्रमे ३४ आणि ६४. म्हणजे पुढच्या टप्प्यातील कर्करोगाचा धोका ५३ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका ४८ टक्क्यांनी घटला. पॅप स्मिअर गटात ५४ आणि व्हीआयए गटात ५६ मृत्यू झाले. तुलनागटाशी त्यांचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठरण्याइतका नव्हता.

दुसरा निष्कर्ष स्त्रियांच्या दृष्टीने तितकाच मोलाचा आहे. ज्यांची एचपीव्ही तपासणी निर्दोष आली, त्यांच्यात पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण दर लाख व्यक्तिवर्षांमागे ३.७ होते. पॅप स्मिअर निर्दोष आलेल्यांत ते १५.५ आणि व्हीआयए निर्दोष आलेल्यांत १६ होते. एकदा एचपीव्ही तपासणी निर्दोष आली की पुढची अनेक वर्षे निर्धास्त राहता येते, असा त्याचा अर्थ. वर्षाआड तालुक्याला जाणे ज्यांना जमणार नाही, त्यांच्यासाठी हीच तपासणी सर्वांत योग्य ठरते.

व्हीआयएचा अनुभव इतरत्र वेगळा आला. तमिळनाडूतील दिंडिगुल जिल्ह्यात एकाच फेरीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या घेतल्या आणि २०१४ मध्ये ३१ टक्के घट नोंदवली. डोळ्यांनी करायची तपासणी पाहणाऱ्याच्या सरावावर आणि ती किती वेळा होते यावर अवलंबून असते.

नैतिक वाद

या चाचणीवर गंभीर आक्षेप घेतले गेले. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट एरिक सूबा यांनी उस्मानाबाद, मुंबई आणि दिंडिगुल या तिन्ही चाचण्यांतील तुलनागटांवर बोट ठेवले. २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये हा वाद सविस्तर झाला. पॅप स्मिअरने मृत्यू घटतात हे पाश्चात्त्य देशांत अनेक दशके माहीत होते, मग हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजणे योग्य कसे, हा त्यांचा प्रश्न. संशोधकांचे उत्तर असे होते, की भारतातील खेड्यांत तपासणी नसणे हीच तेव्हाची नेहमीची स्थिती होती. प्रयोगशाळा, प्रशिक्षित माणसे आणि पाठपुरावा नसलेल्या भागात कोणती पद्धत चालेल हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि तुलनेशिवाय सरकार कोणत्याच पद्धतीवर पैसा खर्च करणार नव्हते.

निकालांनी दोन्ही बाजूंना बळ दिले. पॅप स्मिअर या भागात अपेक्षेइतकी उपयोगी पडली नाही, म्हणजे पाश्चात्त्य अनुभव जसाच्या तसा लागू होत नाही हे संशोधकांचे म्हणणे खरे ठरले. तरीही तुलनागटातील ६४ मृत्यू केवळ तक्त्यातला आकडा मानता येत नाहीत. माहिती देऊन संमती घेणे म्हणजे अंगठा किंवा सही घेणे नव्हे. आपल्याला काय मिळणार आणि काय मिळणार नाही, हे स्त्रीला तिच्या बोलीत उमगले पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणि २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम यांचा रोख याच दिशेने आहे. ज्या लोकांवर चाचणी होते त्यांना तिचे फळ मिळाले पाहिजे, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे.

पुढील परिणाम

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आणि अधिक ठामपणे २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली. नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झालेल्या निर्मूलन धोरणात वयाच्या ३५ आणि ४५ व्या वर्षापर्यंत अशा दर्जेदार तपासणीखाली ७० टक्के स्त्रिया आणण्याचे उद्दिष्ट २०३० साठी ठेवले आहे. बार्शीचा सहभाग पुढे लसीच्या चाचणीतही राहिला. २००९–१० मध्ये भारतातील नऊ केंद्रांवर एचपीव्ही लसीच्या दोन आणि तीन मात्रांची तुलना सुरू झाली, त्यांपैकी एक केंद्र बार्शी होते. दुसऱ्या एका लसीकरण प्रकल्पावरून वाद उठल्यावर एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवले आणि अनेक मुलींना एकच मात्रा मिळाली. त्यांचा पाठपुरावा सुटला नाही. १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकाऊ संसर्गापासून एका मात्रेनेही ९५.४ टक्के संरक्षण मिळते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय स्वीकारला.

परभणी आणि मराठवाड्यासाठी महत्त्व

परभणी, बीड, हिंगोली, जालना या जिल्ह्यांतील खेड्यांची स्थिती उस्मानाबादपेक्षा फार निराळी नाही. कोरडवाहू शेती, ऊसतोडीचे स्थलांतर आणि लवकर होणारी लग्ने इथेही आहेत. चाचणीचा धडा येथे लागू करायला नव्या पुराव्याची गरज नाही. या धड्याचे मोल बीडच्या एका उदाहरणातून कळते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. अंगावरून पांढरे जाणे किंवा पोटात दुखणे यासारख्या तक्रारींवर ‘कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळाल्याचे अनेकींनी सांगितले. कर्करोगापूर्वीच्या बदलांवर गर्भाशय शाबूत ठेवून काही मिनिटांत उपचार करता येतो, हे शेजारच्या जिल्ह्यात सिद्ध होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणीचा आराखडा दिला. तरी २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधी ना कधी झाली होती. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे आणि २०२३ पासून परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात नमुना घेणे, जिल्ह्याच्या ठिकाणी तो तपासणे आणि दोषी आलेल्या प्रत्येकीला उपचारापर्यंत पोहोचवणे, ही साखळी उभारण्याची पायाभूत सोय आज आहे. जगाला हा पुरावा मराठवाड्याच्या स्त्रियांनी दिला. तपासणी त्यांच्या लेकीसुनांना आरोग्य केंद्रात मिळणे, हा त्यांचा पहिला हक्क आहे.