कालसुसंगत वाहनबदल

कालसुसंगत वाहनबदल म्हणजे एखादी जुनी मोटार नित्य वापरात असतानाच्या काळात उपलब्ध असलेले सुटे भाग आणि त्या काळच्या पद्धती वापरून तिच्यात केलेला फेरबदल होय. १९६० आणि १९७० च्या दशकांतील अमेरिकन मसल कारच्या संदर्भात या प्रकाराची विशेष चर्चा होते. मसल कार भारतात अधिकृतपणे विकल्या गेल्या नाहीत. तथापि मुंबईत जुळणी झालेल्या त्यापूर्वीच्या अमेरिकन मोटारींत गरजेपोटी झालेले बदल याच प्रकारात मोडतात. असे बदल वाहनाच्या इतिहासाचा भाग मानावेत की मूळ स्वरूपाची हानी, हा जुन्या वाहनांच्या जतनातील एक प्रमुख प्रश्न आहे.

अमेरिकेतील उगम

मध्यम आकाराच्या मोटारीत मोठे व्ही-८ इंजिन बसवून तयार केलेल्या वेगवान मोटारीस मसल कार म्हणतात. १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ ही या वर्गातील आद्य मोटार मानली जाते. तिचे इंजिन ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे होते. नवी मोटार घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवसापासून मालक तिच्यात बदल करू लागत. म्हणून या बदलांना तेथे ‘डे टू’ असे नाव पडले. क्रेगर किंवा अमेरिकन रेसिंगची चाके, हर्स्टचा गिअरदांडा, एडेलब्रॉकचे इनटेक मॅनिफोल्ड, होलीचा कार्ब्युरेटर आणि सनचा इंजिनगती दर्शवणारा मापक हे त्यांतील ठळक भाग होत. डॉन येन्को यांच्यासारखे विक्रेते तर शेव्हरोले कॅमेरोत ४२७ घनइंचांचे इंजिन बसवून ती विकत असत. १९७० चा स्वच्छ हवा कायदा, वाढते विमाहप्ते आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे या मोटारींचा काळ ओसरला.

महाराष्ट्रातील अमेरिकन मोटारी

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. क्रायस्लरशी झालेल्या करारानुसार या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या मोटारींची जुळणी होऊ लागली. डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट ही बहुतांशी एकाच मोटारीची, नाव व सजावट बदललेली रूपे होती.

स्वदेशी निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांनी काम थांबवावे, अशी शिफारस टॅरिफ कमिशनने १९५३ मध्ये केली. त्यानंतर जनरल मोटर्स व फोर्ड यांनी भारतातील जुळणी बंद केली. पुढे आयातीवरील निर्बंधांमुळे मूळ सुटे भाग दुर्मिळ झाले आणि मोटारी चालू ठेवण्याची जबाबदारी स्थानिक गॅरेजांवर आली.

बदलांचे स्वरूप

अमेरिकेतील बदल वेगासाठी होते, तर येथील बदल मोटार चालू राहावी आणि खर्च परवडावा यासाठी होते. त्यांतील सर्वांत मोठा बदल इंजिनाचा होता. पेट्रोल महाग झाल्यावर मोठ्या अमेरिकन मोटारींतील मूळ साइड-व्हॉल्व्ह, सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन काढून त्या जागी पर्किन्ससारखे डिझेल इंजिन बसवले जाई. त्यासाठी इंजिनाचे आधार नव्याने बनवावे लागत आणि गिअरबॉक्सशी जोडणी जुळवून घ्यावी लागे. जड इंजिनामुळे पुढच्या आसावरचा भार वाढे, म्हणून स्प्रिंगही बदलाव्या लागत. सहा व्होल्टची विद्युतव्यवस्था बारा व्होल्टची करणे हाही प्रचलित बदल होता. कारण बारा व्होल्टची बॅटरी आणि दिवे बाजारात सहज मिळत.

घाटरस्ते आणि सुरक्षितता

वाई ते पाचगणी दरम्यानचा पसरणी घाट आणि महाबळेश्वर ते पोलादपूर दरम्यानचा आंबेनळी घाट यांसारख्या रस्त्यांवर जुन्या मोटारींच्या मर्यादा उघड होतात. सलग चढणीत इंजिन तापते, तर लांब उतारावर ड्रम ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते. अधिक क्षमतेचा रेडिएटर किंवा पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवणे हे त्यावरचे उपाय आहेत. मात्र १९५० च्या मोटारीस आज डिस्क ब्रेक बसवल्यास तो बदल कालसुसंगत ठरत नाही. अशा वेळी सुरक्षितता आणि अस्सलपणा यांत निवड करावी लागते.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल करता येत नाही. वेगळ्या इंधनावर वाहन चालवण्यासाठी मंजुरीने केलेल्या बदलांसारखे अपवाद त्यात आहेत. कलमाचे हे रूप २००० च्या दुरुस्तीनंतरचे आहे. त्यापूर्वी बदल कळवून त्याची नोंद करून घेण्याची तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा काटेकोर अर्थ कायम केला.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. त्यासाठी २०,००० रुपये शुल्क असून नोंदणी दहा वर्षे वैध असते. नोंदणी क्रमांकात राज्याच्या संकेताक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, ही त्यासाठीची अट आहे.

मूळपणाचा निकष

जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वर्गीकरणात मूळ स्वरूपातील वाहनांबरोबरच त्यांच्या काळात बदललेल्या वाहनांचाही स्वतंत्र वर्ग आहे. भारतीय नियमांत असा वर्ग नाही. त्यामुळे अनेक दशके डिझेल इंजिनावर टॅक्सी म्हणून चाललेली डॉज ‘व्हीए’ नोंदणीच्या निकषात बसणे कठीण ठरते. मूळ इंजिन मिळवून पुन्हा बसवल्यास मोटार कारखान्यातील स्वरूपाच्या जवळ जाते, पण तिच्या वापराचा पुरावा नाहीसा होतो. म्हणून जीर्णोद्धार करताना काढलेले भाग, जुने नोंदणी प्रमाणपत्र आणि छायाचित्रे जपून ठेवणे महत्त्वाचे ठरते.